मंद फिरणारा पंप

सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपास, फ्रीमाँट किंवा सनीव्हेलसारख्या गावात जुनं घर घेतलेल्या मराठी कुटुंबाला मागच्या अंगणात कधी कधी एक वस्तू आयती मिळते: आधीच्या मालकानं हौसेनं बसवलेला हॉट टब. पाच-सहा माणसं मावतील एवढा, दीडएक हजार लिटर पाण्याचा, वर फोमचं जाड झाकण. पहिले काही दिवस मुलं त्यातून बाहेर यायला तयार नसतात. मग वीजबिल येतं आणि घरात चौकशी सुरू होते. संशय आधी पंपावर जातो, कारण रात्री-अपरात्री गुरगुरत असतो तो तोच. हीटर गुपचूप खातो.

त्या पंपाचा हिशेब अवघड नाही. अडचण आपल्या सवयीची आहे. आपल्याकडे पंप म्हणजे खालच्या टाकीतून गच्चीवरच्या टाकीत पाणी चढवणारी मोटर. ती लावायची आणि टाकी वाहायला लागली की धावत जाऊन बंद करायची. मोटर दणकट असेल तर काम लवकर उरकतं, आणि लवकर उरकलं म्हणजे वीज वाचली, असं डोक्यात पक्कं बसलेलं असतं. टबाच्या बाबतीत हे साफ चुकीचं आहे.

गच्चीच्या पंपाला पाणी उंचावर न्यायचं असतं. समजा, पंपाचा जोर जास्तीत जास्त तीस मीटरपर्यंत पाणी ढकलण्याइतका आहे. तोच पंप अर्ध्या वेगानं फिरवला तर हा जोर निम्मा होत नाही, चौथाई होतो, म्हणजे साडेसात मीटर. पाणी दुसऱ्या मजल्याच्या आसपास येऊन थांबेल आणि मोटर कितीही तास चालली तरी गच्चीवर थेंब पोचणार नाही. तिथे मंद पंप निरुपयोगीच.

टबात पाणी कुठेच चढवायचं नसतं. टबाच्या तळातून निघालेलं पाणी फिल्टरमधून, हीटरवरून, पाइपांमधून फिरून पुन्हा त्याच टबात पडतं. पंपाला झगडायचं असतं ते फक्त घर्षणाशी. अशा बंद फेऱ्यात पंपाचा नियम फार उदार होतो. वेग निम्मा केला की पाणी निम्मं वाहतं, दाब चौथाई होतो आणि लागणारी शक्ती सिद्धांतानुसार आठवा हिस्सा होते. पाण्याचं प्रमाण वेगाबरोबर बदलतं, दाब वेगाच्या वर्गानं आणि शक्ती घनानं. वाऱ्याविरुद्ध सायकल मारणाऱ्याच्या मांड्यांना हे गणित ठाऊक असतं. वेग थोडासा वाढवायचा तर दम दुपटीनं लागतो.

अमेरिकेतल्या बहुतेक टबांच्या मोटरी म्हणूनच दोन वेगांच्या असतात: मिनिटाला सुमारे ३४५० फेरे आणि १७२५ फेरे. जोराच्या वेगाला अशी मोटर साधारण १८०० वॉट ओढते असं धरू आणि मंद वेगाला ३००. आठवा हिस्सा म्हणजे २२५ वॉट व्हायला हवेत, पण मंद वेगाला मोटरची स्वतःची कार्यक्षमता घसरते, त्यामुळे प्रत्यक्षात सहावा हिस्सा पदरात पडतो. तोही थोडा नाही. रोज दोन तास जोरात चालवलं तर ३.६ युनिट जळतात. तेवढंच पाणी मंद वेगानं चार तासांत फिरतं आणि त्याला १.२ युनिट लागतात. फरक रोजचा २.४ युनिट, वर्षाचा पावणेनऊशेच्या आसपास. युनिटला ४० सेंट धरले, आणि कॅलिफोर्नियात बऱ्याच घरांना तेवढा दर पडतोच, तर वर्षाला साडेतीनशे डॉलर. कॅलिफोर्निया राज्यानं पोहण्याच्या तलावांच्या मोठ्या पंपांसाठी एकाहून जास्त वेग असलेली मोटर २००८ पासून सक्तीची केली, ती याच घनाच्या गणितामुळे.

जोराचा वेग मग कशासाठी? फक्त जेटसाठी. पाठीवर आदळणाऱ्या धारेला दाब हवा आणि दाब वेगाच्या वर्गानं वाढतो, त्यामुळे तिथे काटकसर चालत नाही. पण माणूस पाण्यात बसतो अर्धा तास. बाकी साडेतेवीस तास त्या जोराचं काही काम नाही. टबाच्या पॅनेलवर फिल्टरचं चक्र चुकून जोराच्या वेगाला लावलेलं असेल, आणि जुन्या मालकाच्या टबात ते तसं असू शकतं, तर आधी ते बदलावं. बाकी उपाय त्यानंतर.

मंद वेगानं किती तास चालवायचं, यावर विक्रेते आणि शेजारी छातीठोकपणे वेगवेगळे आकडे सांगतात. आपण साधा भागाकार करू. मंद वेगाला मिनिटाला शंभर लिटर पाणी वाहत असेल तर दीड हजार लिटरचा टब पंधरा मिनिटांत एकदा फिल्टरमधून जातो आणि चार तासांत सोळा वेळा. रोज एक-दोन माणसं बसणाऱ्या टबाला एवढं पुरतं. ते सलग न करता सकाळी दोन तास आणि रात्री दोन तास असं वाटून द्यावं, म्हणजे पाणी फार वेळ निपचित पडून राहत नाही. पाहुण्यांची टोळी बसून गेली असेल तर त्या रात्री जास्त चालवावं.

याहून खाली उतरायचा मोह मात्र आवरावा. गरम, स्थिर, क्लोरीन संपत आलेलं पाणी जंतूंना फार मानवतं. अंगावर पुरळ आणणारा स्यूडोमोनास आणि फुप्फुसात शिरणारा लेजिओनेला हे दोघे हॉट टबचे जुने पाहुणे. अमेरिकेचं रोग नियंत्रण केंद्र हॉट टबात मुक्त क्लोरीन दहा लाखांत किमान ३ भाग आणि पीएच ७.० ते ७.८ ठेवायला सांगतं. ते क्लोरीन कोपऱ्याकोपऱ्यात पोचवणारा पंपच असतो. तो तासभर कमी चालवून मंद वेगाला जेमतेम पाव-अर्धं युनिट वाचतं. एवढ्यासाठी डॉक्टरांची पायरी चढू नये.

आता हीटर. पंपाचं बिल वेगळं आणि हीटरचं वेगळं असं धरून बसलं की हिशेब फसतो. मँचेस्टरच्या जेम्स जूलनं १८४० च्या दशकात पाण्यात वल्ह्यांचं चाक फिरवून दाखवलं होतं की घुसळण्यावर खर्च केलेलं काम शेवटी उष्णता होऊनच पाण्यात उतरतं. टबाचा पंप चालू असेपर्यंत तेच करतो. पाण्याला दिलेली गती पाइपांत घासून विरते आणि तिची ऊब होते. मोटरच्या वाइंडिंगची उष्णता टबाच्या पेटीत साठते आणि पेटी नीट फोमनं भरलेली असेल तर तीही थोडीफार पाण्याकडे जाते. म्हणजे पंप हा टबातला दुसरा हीटर आहे, फक्त त्याला थर्मोस्टॅट नाही.

हा दुसरा हीटर केवढा मोठा आहे, हे समजायला टब किती उष्णता गमावतो ते पाहावं लागेल. कॅलिफोर्नियानं २००६ मध्ये त्याची मर्यादा घातली. झाकण लावून नुसत्या पडून असलेल्या टबाची सरासरी वीज, पाण्याच्या गॅलनमधल्या आकाराचं घनमूळ काढून त्याचा वर्ग केला आणि पाचनं गुणलं तर येईल त्याहून जास्त वॉट नको. सूत्रात घनफळ तसंच न घेता त्याचा दोन-तृतीयांश घात घेतला, कारण उष्णता पृष्ठभागातून जाते आणि पृष्ठभाग त्याच प्रमाणात वाढतो. चारशे गॅलनच्या, म्हणजे साधारण दीड हजार लिटरच्या टबाला ही मर्यादा सुमारे २७० वॉट येते. पुढे नियम कडक झाला आणि तीच मर्यादा २४५ वॉटच्या आसपास आली. दिवसाचे सहाएक युनिट.

त्याशेजारी मंद वेगाचा पंप ठेवा. ३०० वॉट, चोवीस तास: ७.२ युनिट. टब दिवसभरात गमावतो त्याहून जास्त! म्हणून सॅक्रामेंटो किंवा ॲरिझोनातल्या फिनिक्समध्ये उन्हाळ्यात अनेकांना एक चमत्कार दिसतो. थर्मोस्टॅट ३७ अंशांवर, हीटर बंद आणि पाणी चढत चढत ४० पार. हीटर अडकला असं समजून लोक मेकॅनिकला बोलावतात. हीटर निर्दोष असतो. बाहेर ३८ अंश, टब चांगला फोमनं बांधलेला, आणि आत पंप घुसळतोय. ऊब जाणार कुठे? अशा दिवसांत फिल्टरचे तास कमी करणं, ते पहाटेच्या गारव्यात ठेवणं आणि झाकण किंचित उघडून वाफ जाऊ देणं, एवढंच हातात असतं.

हिवाळ्यात हीच गोष्ट उलट बाजूनं उपयोगी पडते. साध्या विद्युत हीटरचा टब असेल तर पंपाच्या विजेचा मोठा भाग पाण्यात उतरतो आणि हीटरला तेवढं कमी काम करावं लागतं. थंडीत फिल्टरचा एखादा तास वाढला म्हणून हळहळायचं कारण नाही. ज्यांनी टबाला हवेतून उष्णता ओढणारा हीट पंप जोडला आहे त्यांचं गणित मात्र वेगळं. तो एका युनिटात तीन-चार युनिटांची ऊब देतो, त्यामुळे पंपाच्या घुसळणीतून आलेली ऊब त्यांना तिप्पट-चौपट महाग पडते. अशा घरात पंपाचे तास काटेकोरपणे मोजावेत.

टब रात्री बंद करून सकाळी चालू करावा की सतत गरम ठेवावा, हा वाद हॉट टबच्या प्रत्येक घरात होतो. दीड हजार लिटर पाणी एक अंशानं तापवायला पावणेदोन युनिट लागतात. चांगला टब अडीचशे वॉटनं उष्णता सोडत असेल तर एक अंश उतरायला त्याला सात तास लागतात. म्हणजे रात्रभर हीटर बंद ठेवला तरी पाणी जेमतेम एक-सव्वा अंशानं उतरतं. गळती तापमानाच्या फरकावर ठरते आणि फरक पंचवीस अंशांचा चोवीस झाल्यानं ती फारशी घटत नाही. रात्रीच्या बंदीनं मिळतं ते मनाचं समाधान. आठवड्याभरासाठी गावाला जाताना तापमान दहा अंशांनी खाली आणणं वेगळं. तिथे खरी बचत आहे.

या संथपणाचा वेगळाच फायदा उठवता येतो, आणि तो मला सगळ्यात हुशारीचा वाटतो. कॅलिफोर्नियात वेळेनुसार दर असतो आणि संध्याकाळी ४ ते ९ ही महागडी वेळ. ते पाच तास हीटर आणि फिल्टर दोन्ही बंद ठेवले तर टब गमावतो सव्वा युनिट आणि पाणी उतरतं पाऊण अंशापेक्षा कमी. दुपारी, छपरावरचं सोलर भरात असताना, पाणी ४० अंशांवर आणून ठेवायचं आणि रात्री आठ वाजता त्यात उतरायचं. अंगाला फरक कळतसुद्धा नाही. वीज तेवढीच जळते, पण स्वस्त वेळेची. चाळीसच्या वर मात्र जाऊ नये. अमेरिकेत टबांची कमाल मर्यादाच ४० अंश सेल्सिअस आहे, आणि गरोदर बायकांनी व हृदयाचा त्रास असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय तेवढ्या पाण्यातही बसू नये.

हा सगळा हिशेब झाकण धड असेल तरच. एक लिटर पाणी वाफ होऊन गेलं की पाऊण युनिटाहून थोडी कमी उष्णता सोबत नेतं. फोमचं झाकण उचलताना जड लागत असेल तर ते आत पाणी प्यायलंय आणि त्याची रोधकता गेली आहे. पंपाशी कितीही खेळ करा, भिजलेलं झाकण ते सगळं फुंकून टाकतं.

जेटचा जन्म या सगळ्याच्या आधीचा. इटलीच्या फ्रिउली भागातून आलेल्या जाकुझी भावांनी कॅलिफोर्नियात बर्कलीला १९१५ मध्ये कारखाना काढला तो विमानांच्या पंख्यांचा. १९२१ मध्ये त्यांचं विमान कोसळलं, एक भाऊ त्यात गेला आणि घरानं विमानांचा नाद सोडला. पुढे ते शेतीच्या पंपांकडे वळले. खोल विहिरीतून पाणी नुसतं शोषून काढता येत नाही. आठएक मीटरपुढे शोषण दमतं. त्यांच्या पंपात थोडं पाणी पुन्हा खाली पाठवून अरुंद तोंडातून जोरानं सोडलं जाई आणि ती धार विहिरीतलं पाणी सोबत ओढून आणी. आपल्याकडे सबमर्सिबल सर्रास होण्याआधी बोअरवर जे जेट पंप बसत, ते याच कुळातले. नगर किंवा सोलापूरकडच्या कुणा जुन्या वायरमनला हॉट टबाचा जेट उघडून दाखवला तर त्याला तो ओळखीचा वाटेल.

कांदिदो जाकुझीच्या मुलाला लहानपणीच संधिवात जडला. रुग्णालयातले पाण्याचे उपचार घरच्या टबात मिळावेत म्हणून बापानं न्हाणीच्या टबात ठेवायचा छोटा पंप बनवला आणि १९५६ च्या सुमारास तो बाजारात आला. १९६८ मध्ये रॉय जाकुझीनं जेट टबाच्या भिंतीतच बसवले, आणि औषधाचं यंत्र चैनीची वस्तू झालं.

या जेटमध्ये पाणी अरुंद तोंडातून वेगानं निघतं, तिथला दाब उतरतो आणि बाजूच्या नळीतून हवा आपोआप आत ओढली जाते. इटलीच्याच जोव्हान्नी व्हेंतुरीनं हा परिणाम १७९७ मध्ये मांडला होता. टबाच्या काठावरच्या हवेच्या चकत्या उघड्या असतील तर प्रत्येक जेट बाहेरची गार हवा पाण्यात फुंकत राहतो. जानेवारीच्या रात्री ही हवा हीटरची मेहनत वाया घालवते. बसून झालं की चकत्या बंद कराव्यात, नाहीतर फिल्टरच्या चक्रातही हवा आत येते. चार माणसांच्या टबात एकटेच बसला असाल तर वाटप करणारी झडप फिरवून सगळा जोर आपल्या बाजूला घ्यावा. त्यानं वीज वाचत नाही, पण टबाला दुसरा पंप असेल तर तो लावायची गरज पडत नाही, आणि बचत तिथे आहे.

फिल्टरबद्दल एक गैरसमज मेकॅनिकसुद्धा पसरवतात. फिल्टर तुंबला की पंपाला जास्त जोर लावावा लागतो आणि तो जास्त वीज खातो, असं म्हणतात. अशा पंपात होतं उलट. वाट अडली की पाणी कमी वाहतं आणि मोटरवरचा भार हलका होतो. मीटर लावून पाहिलं तर अँपिअर उतरलेले दिसतात. नुकसान वेगळ्या ठिकाणी होतं. पाणी कमी फिरल्यानं दर लिटरमागची वीज वाढते, टब गढूळ होतो, म्हणून तास वाढवले जातात, आणि हीटरवरून पुरेसं पाणी न गेल्यानं यंत्रणा हीटरच बंद करते. पॅनेलवर प्रवाहाची चूक दिसली की नव्वद टक्के वेळा आधी फिल्टर काढून पाहावा, असं मी म्हणेन. फिल्टर आठ-पंधरा दिवसांनी पाण्याच्या धारेनं धुवावा आणि अधूनमधून फिल्टर साफ करायच्या रसायनात भिजवावा.

पाणी बदलल्यावर पंप हवा धरतो. मोटर फिरते, पण पाणी हलत नाही. पंपाच्या तोंडाची जोडणी किंचित सैल करून हवा फुसकन बाहेर गेली की काम झालं. मेन स्विच बंद करूनच हे करावं. कोरडा फिरू दिला तर सील जळतं, सीलमधून पाणी बेअरिंगमध्ये शिरतं आणि मग तो कर्कश आवाज सुरू होतो. खडे खुळखुळावेत तसा आवाज येत असेल तर पंपाला शोषायला पाणी कमी पडतंय. तळाची जाळी तपासावी. ती फुटकी किंवा निघालेली असेल तर टब त्या क्षणी बंद करावा. व्हर्जिनियात २००२ मध्ये सात वर्षांची ग्रॅम बेकर ही मुलगी अशाच शोषणाच्या तोंडाला चिकटून बुडाली आणि तिच्या नावानं २००७ मध्ये जाळ्यांचा कायदा झाला.

काही जण परत येताना टब कंटेनरमधून आणतात आणि लोणावळ्याच्या किंवा अलिबागच्या घरी बसवतात. त्यांना घनाचं गणित पुन्हा भेटतं. अमेरिकेची वीज ६० हर्ट्झची, आपली ५० ची. मोटर पाच-षष्ठांश वेगानं फिरते, पाणी सुमारे ८३ टक्के वाहतं आणि लागणारी शक्ती ५८ टक्क्यांवर येते. बचत झाली म्हणून खूश होण्याआधी मोटरला हात लावून पाहावा. दर हर्ट्झमागे तिला ४ व्होल्टऐवजी ४.६ व्होल्ट मिळत असतात, तिचं लोखंड चुंबकत्वानं तुडुंब भरतं आणि ती पाणी कमी फेकूनही जास्त तापते. शिवाय काही अमेरिकी टबांत दिवे आणि कंट्रोल बोर्ड १२० व्होल्टवर चालतात, जे आपल्या वायरिंगमध्ये मिळतच नाहीत. असा टब आणायचाच असेल तर पंप आणि कंट्रोल युरोपसाठी बनतात तसे ५० हर्ट्झचे घालून घ्यावेत. फिल्टरचे तासही कमी ठेवावेत, कारण कोकणातल्या मे महिन्यात त्या टबाला हीटरची गरज क्वचितच पडेल.